शाळेचे पाणी, शाळेची झाडे

(धाराशिव जिल्ह्यातील एका गावी, शाळेच्या पटांगणात झालेले भाषण)



तुम्ही दिवसभर वावरात राबून आलात. भाकरी व्हायची आहे, जनावरांची धार काढायची आहे. तेव्हा आम्ही फार वेळ घेणार नाही. पण बोलायचे आहे ते तुमच्या लेकरांच्या शाळेविषयी, म्हणून जरा पुढे सरकून बसा. मागे उभे आहेत त्यांनीही यावे. सतरंजी मोठी आहे.

तुमच्या शाळेने यंदा एक गोष्ट मनावर घेतली आहे. शाळेच्या छतावर पडणारे पावसाचे पाणी साठवायचे. भांडी आणि हात धुतलेले पाणी झाडांना द्यायचे. पटांगणात तीस झाडे लावायची आणि ती जगवायची. शाळेत कचरा जाळायचा नाही, त्याचे खत करायचे. गुरुजी आणि बाई तयार आहेत. लेकरे तर कधीचीच तयार आहेत. पण शाळा एकटी हे करू शकत नाही. ती का करू शकत नाही, तेच सांगायला आम्ही आलो आहोत.

आधी आपल्या मुलखाकडे पाहू. २०२३ पासून आपला जिल्हा धाराशिव म्हणून ओळखला जातो. त्याआधी त्याला उस्मानाबाद म्हणत. नाव बदलले, पण जमीन तीच आहे आणि पाऊसही तोच आहे. दुपाखी छपराचे घर तुम्ही पाहिले आहे. मधे आढे असते आणि दोन्ही अंगांना पाखी उतरतात. आपला जिल्हा तसा आहे. बालाघाटचा डोंगर हे आपले आढे. एका अंगाचे पाणी तेरणा आणि मांजरा यांच्या वाटेने गोदावरीला जाते. दुसऱ्या अंगाचे पाणी सीना आणि बोरी यांच्या वाटेने भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळते. म्हणजे आपण आढ्यावर बसलेली माणसे. गोदावरी-कृष्णेसारखी मोठी नदी आपल्या उशाला वाहत नाही. वरून पडेल ते पाणी आपले. तेही आपण धरले तर आपले, नाही धरले तर खालच्याचे.

ही गोष्ट जुन्या लोकांनी ओळखली होती. नळदुर्गचा किल्ला तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. तुळजापूरला जाता-येता लोक तिथे थांबतात. तिथे बोरी नदीचे पाणी बांध घालून अडवले आहे आणि त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल बांधला आहे. आदिलशाहीच्या काळातले ते काम. पावसाळ्यात त्या बांधावरून पाणी दोन धारांनी कोसळते. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. आपण जातो, पाहतो, फोटो काढतो आणि परत येतो. पाणी कुणी आणि कसे अडवले, याचा विचार फारसा कुणी करत नाही.

आता पावसाचे बोलू. आपल्याकडे वर्षाला साधारण २८ इंच पाऊस पडतो. मिलिमीटरमध्ये सांगायचे तर सातशेच्या वर थोडा. हा पाऊस काही अगदीच थोडा नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला आपल्यापेक्षा बराच कमी पडतो, चारशे मिलिमीटरच्या आसपास. पण त्या गावाने १९८९ नंतर, पोपटराव पवार सरपंच झाल्यावर, डोंगरावर चर खोदले, झाडे राखली, मोकाट चराई बंद केली, शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली. दरवर्षी गावकरी बसून पाण्याचा ताळेबंद मांडतात. यंदा पाऊस इतका झाला, पिण्याला इतके, जनावरांना इतके, मग उरलेल्यात कोणते पीक घ्यायचे, असा हिशेब करतात. घरखर्चाचा हिशेब आपण ठेवतो, तसाच हा पाण्याचा.

आपल्याकडचा पाऊस मात्र लहरी. कधी महिना-महिना दडी मारतो, कधी एका रात्रीत सगळे धुऊन नेतो. १९७२ चा दुष्काळ इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या अजून ध्यानात आहे. खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या. रोजगार हमीचे काम त्याच दुष्काळात पसरले. पुढे २०१२ साली आणि पुन्हा २०१५ साली पावसाने पाठ फिरवली. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. तीनशेहून अधिक किलोमीटरवरून. आणि २०२५ च्या सप्टेंबरात काय झाले ते तर सगळ्यांनी पाहिले. भूम-परांड्याकडे पाणी घरात शिरले, जनावरे गेली, उभी पिके गेली, शेतातली माती खरवडून निघाली.

एकदा पाणी नाही म्हणून रडायचे, एकदा पाणी फार झाले म्हणून रडायचे. ही दोन दुखणी वेगळी वाटतात. पण पुष्कळ अंशी त्यांचे मूळ एक आहे. माळ उघडा आहे. त्यावर झाड नाही, गवत नाही. पाऊस पडला की पाण्याला थांबायला जागा नाही. ते माती घेऊन पळते. म्हणून पावसाळ्यात ओढ्याला पूर येतो आणि फाल्गुनात हापसा कोरडा पडतो. अर्थात आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला तर झाडेही सगळे पाणी धरू शकत नाहीत, हे खरे. पण माती तरी धरतात.

आता शाळेच्या छताकडे या.

आज सकाळी आम्ही गुरुजींबरोबर शाळेचे छत टेप लावून मोजले. लांबी ६० फूट, रुंदी २० फूट. साठ गुणिले वीस म्हणजे १,२०० चौरस फूट. यावर एक इंच पाऊस पडला तर पाणी किती? बारा इंचांचा एक फूट. म्हणून १,२०० ला १२ ने भागा. १०० घनफूट पाणी आले. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते. म्हणजे एका इंचाच्या पावसाला २,८०० लिटर. ज्यांच्याजवळ पाटी आहे त्यांनी पाटीवर मांडून पाहा. आमच्यावर विश्वास ठेवू नका, हिशेबावर ठेवा.

आता वर्षाचे २८ इंच धरा. २,८०० गुणिले २८, म्हणजे ७८ हजार लिटरच्या वर. लातूरला जी आगगाडी आली तिच्या एका वाघिणीत साधारण ५० हजार लिटर पाणी होते. म्हणजे तुमच्या शाळेच्या छतावर दरसाल दीड वाघीण पाणी आपोआप येते. तिला रूळ नको, इंजिन नको. आणि ते सगळे पन्हळीतून खाली पडते, पटांगणात चिखल करते आणि रस्त्याने निघून जाते.

कुणी म्हणेल, "हे झालं चांगल्या सालाचं. दुष्काळात काय?" बरोबर आहे. मग वाईट साल धरा. पाऊस निम्माच पडला, १४ इंच. तरी ३९ हजार लिटर येते. त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असे समजा. पहिला पाऊस छत धुण्यात जातो, काही उडते, काही गळते. तरी ३१ हजार लिटर हाती राहते. शाळेत लेकरे ९०. एका लेकराला शाळेच्या वेळात दीड लिटर पिण्याचे पाणी पुरे. शाळा वर्षात २२० दिवस भरते असे धरा. नव्वद गुणिले दीड म्हणजे दिवसाला १३५ लिटर. २२० दिवसांचे होतात २९,७००.

पाहा, निम्मा पाऊस पडला तरी लेकरांच्या पिण्यापुरते पाणी शाळेच्या डोक्यावरच पडते.

मग टाकी केवढी हवी? एकदम ३१ हजारांची नको. कारण पावसाळ्यात टाकी भरत राहते आणि आपण पीत राहतो. पावसाळा सरल्यावर जे दीडशे दिवस शाळा भरते, तेवढ्यापुरता साठा हवा. १३५ गुणिले १५०, म्हणजे सुमारे २० हजार लिटर. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि सात फूट खोल टाकी बांधली तर तिच्यात १९,६०० लिटर मावते. पंधरा लिटरची एक घागर धरली तर तेराशे घागरी होतात.

तेराशे घागरी! हा आकडा आम्ही मुद्दाम बायकांसाठी सांगतो. पुरुषांना लिटर कळतात. घागर म्हणजे काय ते बाईच्या मानेला कळते. उन्हाळ्यात पाणी तुटले की आधी शाळा कुणाची चुकते? मुलीची. मुलगा सायकलवर एखादा कॅन आणतो आणि शाळेत जातो. मुलगी कळशी घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहते. गावात पाणी आले म्हणजे ती वर्गात येते. शाळेत पाणी असले तर निदान शाळेच्या पाण्यासाठी तिला वर्गातून उठवावे लागणार नाही.

टाकी बांधली म्हणजे काम संपले असे मात्र समजू नका. नुसती टाकी बांधून ठेवणे सोपे आहे. त्यावर नाव रंगवणे त्याहून सोपे. पुष्कळ ठिकाणी टाक्या उभ्या आहेत आणि त्यात पाली फिरतात. तेव्हा चार गोष्टी ध्यानात ठेवा. रोहिणी लागण्याआधी छत झाडून घ्यायचे. मृगाचे पहिले एक-दोन पाऊस टाकीत घ्यायचे नाहीत, नळीचे तोंड बाहेर काढून ते पाणी सोडून द्यायचे. टाकीच्या तोंडाशी गोटे, वाळू आणि लोणारी कोळसा यांचा थर भरलेली गाळणी ठेवायची आणि दरसाल ती धुऊन पुन्हा भरायची. टाकीचे झाकण घट्ट असावे आणि हवेच्या नळीला बारीक जाळी असावी, नाहीतर डासांची पैदास होईल आणि डेंग्यूचा ताप घरोघर पोचेल. तोटीला येणाऱ्या पाण्यात औषध किती टाकायचे ते तुमच्या ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला ठाऊक आहे. त्याने महिन्यातून एकदा शाळेत येऊन ते पाहावे. आणि कृपा करून शाळेच्या छतावर मिरच्या आणि शेंगा वाळत घालू नका!

आणखी एक. या टाकीला तोटी एकच रांगेत असावी आणि पेले सगळ्यांना सारखे असावेत. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांना पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, ही गोष्ट फार जुनी झालेली नाही. शाळेचे पाणी वाढायला आज एकाचे लेकरू आणि उद्या दुसऱ्याचे, हजेरीपटाच्या क्रमाने. झाडलोटही त्याच क्रमाने. मुलींनी झाडायचे आणि मुलांनी फुटबॉल खेळायचा, असे शाळेत चालता कामा नये. काही घरी चालते, म्हणून शाळेतही चालावे असे नाही.

इथे एक आक्षेप येतो. तो आम्ही गावोगाव ऐकला आहे, आणि आज सकाळी पारावरही ऐकला. एक बुवा म्हणाले, "आम्ही पोरं शिकायला धाडली का खड्डे खांदायला? आमचं तर आयुष्य खांदण्यातच गेलं."

हा आक्षेप रागावून उडवून लावण्यासारखा नाही. ज्याची पाठ कुदळ मारून वाकली त्याला लेकराच्या हातात कुदळ पाहवत नाही. तेव्हा आमचे म्हणणे नीट ऐका. जड खोदाई लेकरांनी करायची नाही. टाकीचा खड्डा आणि झाडांचे खड्डे मोठ्या माणसांनी काढायचे. लेकरांनी मोजायचे, लिहायचे, बी लावायचे, पाणी घालायचे, पाने गोळा करायची. यात त्यांचे शिक्षण बुडत नाही. मघाशी आपण छताचा हिशेब केला. तो पाचवीच्या गणिताचाच नव्हता का? लांबी-रुंदी आली, घनफळ आले, भागाकार आला. फरक एवढाच, की पुस्तकातल्या हौदात पाणी खोटे असते आणि इथे ते तहानेला उपयोगी पडते.

हा विचार आमचा नाही. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिथे महात्मा गांधींनी हाच विचार देशापुढे मांडला. हाताच्या कामातून शिक्षण द्यावे, असे ते म्हणत. त्याला पुढे नई तालीम असे नाव पडले. सेवाग्रामच्या शाळेत आर्यनायकम पती-पत्नींनी तो चालवून दाखवला. तिथली मुले सूत कातत, भाजी पिकवत, सफाई करत आणि मैल्याचे व कचऱ्याचे खत करत. ती शाळा मधल्या काळात बंद पडली होती. २००५ पासून सेवाग्रामला 'आनंद निकेतन' नावाने पुन्हा शाळा चालू झाली. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी गरिबांच्या मुलांना 'कमवा आणि शिका' म्हणून सांगितले. त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एका पंगतीत जेवत. त्यातली कितीतरी पुढे मोठ्या हुद्द्यांवर गेली.

आणि इतक्या लांब कशाला? आपल्याच जिल्ह्यात, लोहारा तालुक्यात, हिप्परगा गाव आहे. तिथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. राज्य निजामाचे होते. देशात असहकाराची चळवळ चालू होती. अशा वेळी एका आडवळणाच्या खेड्यात लोकांनी आपली शाळा काढली. १९२९ साली तिथे एक तरुण शिक्षक आले. पुढे १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला आणि स्वामी रामानंद तीर्थ झाले. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे तेच पुढारी. त्या शाळेत झाडे किती होती आणि पाणी किती होते, हे सांगण्यासाठी आम्ही तिचे नाव घेतले नाही. शाळा ही सरकारने बांधून दिलेली चार खोल्यांची इमारत एवढीच नसते, ती गावाची वस्तू असते, हे आपल्या जिल्ह्यातल्या एका खेड्याने शंभर वर्षांपूर्वी दाखवले होते. म्हणून नाव घेतले.

आता झाडे. याबाबत आम्हाला थोडे कडू बोलायचे आहे.

झाडे लावणे आपल्याला नवे नाही. १९५० साली कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून दर पावसाळ्यात देशभर झाडे लागतात. आपल्या राज्यात २०१६ च्या १ जुलैला एका दिवसात दोन कोटी झाडे लावायची ठरली. पुढच्या साली चार कोटी, मग तेरा कोटी आणि २०१९ ला तेहतीस कोटी. आकडे वाढत गेले. पण तुम्ही-आम्ही खेड्यात राहणारी माणसे. खड्डा तोच, झाड दरसाल नवे, हा प्रकार आपण पाहिलेला आहे. फोटोत झाड असते आणि चैत्रात काडी असते. आणि आपल्या जिल्ह्यात जंगल म्हणावे असे राहिले आहे किती? येडशीजवळचे रामलिंगचे अभयारण्य सोडले तर हिरवा डोंगर शोधावा लागतो.

म्हणून शाळेने तीनशे नव्हे, तीसच झाडे धरली आहेत. ही झाडेही आपल्या मातीतली. कडुनिंब, चिंच, करंज, आपटा, बोर, सीताफळ, जांभूळ, आणि कोपऱ्यात एक वड. गुलमोहर दिसायला बरा, पण वाऱ्यात फांद्या मोडतो. आम्हाला विचाराल तर चिंचेसारखे झाड नाही. सावली दाट, आयुष्य मोठे, लेकरांना चिंचा आणि शाळेला चार पैसे. वाढायला मात्र वेळ लागतो. आज पहिलीत असलेल्या लेकराचे लेकरू तिच्या सावलीत बसेल.

झाडांना पाणी कुठले? टाकीचे नव्हे. ते पिण्याचे आहे. दुपारी शाळेत खिचडी शिजते, आमटी-भात होतो. नव्वद लेकरे हात धुतात, ताटे धुतात. माणशी दोन लिटर धरले तर १८० लिटर पाणी रोज मोरीतून जाते. आज तिथे चिखल आहे आणि डुकरे लोळतात. तेच पाणी चर काढून झाडांकडे नेले तर तीस झाडांना रोज सहा-सहा लिटर मिळते. त्यातच एका बाजूला परसबाग होईल. शेवगा, कढीपत्ता, पालक, दुधी भोपळा, पपई. शेवग्याच्या शेंगा आणि पाला आमटीत पडला तर लेकरांच्या अंगी लागेल. भांडी घासायला साबणाची पूड फार वापरू नये, राख किंवा थोडा साबण पुरे. साबणाचे पाणी फार झाले तर पालेभाजी मानत नाही.

पटांगणाचेही बोलून टाकतो. काही मंडळींचा विचार सगळ्या पटांगणावर सिमेंटचे पेव्हर ब्लॉक बसवण्याचा आहे, असे कळले. चिखल होतो म्हणून. त्यांचा हेतू चांगला आहे. पण सगळे पटांगण झाकले तर पाणी मुरायचे कुठे? आणि वैशाखात त्या दगडांवर अनवाणी लेकराने पाय कसा ठेवायचा? वर्गांपुढे चार हातांची पट्टी करा, बाकी मुरूम टाका. आम्ही तरी असेच सुचवू. शेवटी निर्णय तुमच्या शाळा व्यवस्थापन समितीचा. २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्याने या समितीत चारांपैकी तीन जण पालक असावे लागतात आणि एकूण निम्म्या बायका असाव्या लागतात. बायांनो, तुमची नावे समितीत आहेत. बैठकीला जा. सही करायला कागद घरी आला तर वाचल्याशिवाय सही करू नका. आता तुम्हाला वाचता येते.

शेळ्यांचा प्रश्नही सकाळी निघाला. शेळ्या झाडे खातात, हे खरे. पण आपल्या मुलखाची शेळी देशभर नावाजलेली आहे. जिल्ह्याचे नाव बदलले, तरी तिला अजून उस्मानाबादी शेळीच म्हणतात. गरीब बाईची ती बँक आहे. दवाखान्याला पैसे लागले की शेळीच बाजारात जाते. तेव्हा शेळीवाल्या बाईशी भांडण काढून झाडे जगणार नाहीत. बाभळीच्या काट्यांचे कुंपण प्रत्येक झाडाला करा. काटे फुकट मिळतात. आणि बाईला सांगा, दोन वर्षे सांभाळ. झाड डोक्यावर गेले की खालच्या फांद्यांचा पाला तुझाच.

आता खरी अडचण सांगतो. मघापासून आम्ही तिच्याकडेच येत होतो.

मेच्या आरंभी शाळा बंद होते, ती जूनच्या मध्यावर उघडते. दीड महिना. त्या काळात खिचडी नाही, ताटे नाहीत, म्हणजे झाडांना धुण्याचे पाणी नाही. ऊन तर त्याच दिवसांत सगळ्यांत कडक. दहा महिने जगवलेले झाड त्या दीड महिन्यात मरते. शाळांतली झाडे बहुधा मेमध्येच मरतात. गुरुजी आपल्या गावी गेलेले असतात. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. ही पंचेचाळीस दिवसांची जबाबदारी गावाची आहे.

ती फार मोठी नाही. पाहा, एका झाडाला तीन दिवसांतून एकदा दहा लिटर पाणी. एक घागरही पुरी लागत नाही. झाडाच्या बुंध्याशी जुने मडके पुरा, त्याच्या बुडाला भोक पाडून चिंधीची वात बसवा आणि मडके भरून वर झाकण ठेवा. पाणी मुळांशी हळूहळू झिरपते, उन्हाने उडत नाही. बुंध्याभोवती पाचट किंवा वाळलेला पाला पसरा. असे केले तर पंचेचाळीस दिवसांत पंधरा वेळा पाणी घालायचे. तीस झाडे आणि तीस घरे. एका घराने पंधरा घागरी. एवढेच काम आहे.

कोणती तीस घरे? याबद्दल आमची एक सूचना आहे. तुमच्या गावातली बरीच कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या मागे-पुढे परत येतात. शाळेच्या कामांत त्यांना कुणी विचारत नाही. लेकरांची नावे पटावर असतात आणि लेकरे फडावर असतात. पण मे महिन्यात हीच माणसे गावात असतात. नेमकी तेव्हाच झाडांना माणसे हवी असतात. तेव्हा तीसपैकी निदान दहा झाडे त्यांच्या लेकरांच्या नावे असावीत. फडावरून आलेल्या लेकराला शाळेत आपले असे एक झाड असले, तर जूनमध्ये ते शाळेकडे वळण्याचा संभव अधिक आहे. दिवाळीनंतर ते लेकरू परत फडावर न जाता गावातच आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहावे, यासाठी वेगळी खटपट हवी. ती आपण पुढच्या बैठकीत बोलू. तो मोठा विषय आहे.

टाकीच्या पैशांचे थोडक्यात सांगतो. ग्रामपंचायतीने वाळू, खडी आणि सिमेंट यांचा भार उचलावा, असे सरपंचांशी बोलणे झाले आहे. खड्डा गावाने काढायचा. पन्हळीचे पाइप लोकवर्गणीतून. दोन गवंडी याच गावचे आहेत. त्यांनी दोन-दोन दिवसांची मजुरी सोडायची तयारी दाखवली आहे. मजुरी पूर्ण सोडू नका, असे आम्हीच त्यांना सांगितले. गरिबाने फुकट राबावे आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात, हे बरे नव्हे. जो खर्च होईल तो शाळेच्या भिंतीवर खडूने लिहिला जाईल. किती पोती सिमेंट आले, किती लागले, किती उरले. लेकरे ते लिहितील आणि तुम्ही ते वाचायचे. आकडा चुकला वाटला तर तिथेच विचारायचे.

पाणी भरल्यावर टाकीत मापाची काठी असेल. तिच्यावर फुटांच्या खुणा असतील. दर सोमवारी दोन लेकरे पाणी मोजतील आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहितील. एका फुटाला २,८०० लिटर, म्हणजे सुमारे एकवीस दिवसांचे पाणी. पौषात काठीवर तीन फुटांच्या खाली पाणी आले, तर गावाला लगेच कळले पाहिजे की चैत्राची तजवीज करायला हवी. टँकरचा अर्ज घसा कोरडा पडल्यावर करण्यापेक्षा दोन महिने आधी केलेला बरा.

तर आता एवढेच करू. ओट्यावर एक वही ठेवली आहे. तिच्यात तीस ओळी आखल्या आहेत. प्रत्येक ओळीला एका झाडाचे नाव आहे. ज्या घराला जे झाड घ्यायचे असेल त्या घरातल्या बाईने किंवा बुवाने त्या ओळीत आपले नाव स्वतःच्या हाताने लिहावे. अंगठा नको. अक्षर वाकडे आले तरी चालेल. वडाची ओळ सकाळीच एका आजींनी धरली आहे, ती सोडून बाकीच्या मोकळ्या आहेत. खड्ड्याचे काम रविवारी सकाळी सातला सुरू होईल. कुदळ, फावडे आणि घमेले ज्याचे त्याने आणावे. उन्ह चढायच्या आत थांबायचे आहे. वही कंदिलाजवळ आहे, पेन तिथेच बांधलेला आहे. एकेकाने या.